बुटाच्या टाचेखालची हवा उतरत का नाही?

सायकल महिनाभर जिन्याखाली उभी राहिली की चाकातली हवा उतरते. पंक्चर नसलं तरी उतरते, कारण ट्यूबच्या रबरातून हवेचे रेणू सतत बाहेर निसटत असतात. सायकलला निदान व्हॉल्व्ह असतो, पंप मारता येतो. पण १९८२ साली एक बास्केटबॉलचा बूट बाजारात आला. त्याच्या टाचेखाली वायूची बंद पिशवी होती आणि तिला ना व्हॉल्व्ह, ना पंप. तो बूट म्हणजे ‘नाइके’चा ‘एअर फोर्स १’. आज कॉलेजच्या कट्ट्यावर दिसणाऱ्या जाड तळाच्या पांढऱ्याशुभ्र बुटांमध्ये अस्सल आणि नक्कल मिळून हाच बूट सर्वाधिक दिसत असावा, असा माझा अंदाज आहे.

या पिशवीबद्दल दोन समज कायम ऐकू येतात. एक, आत हवाबिवा काही नसते, नुसती जाहिरात असते. दुसरा, हवा असते, पण वर्षा-दोन वर्षांत उतरते आणि मग बूट टाकून द्यावा लागतो. दोन्ही चुकीचे आहेत. पिशवी खरोखर असते आणि ती वर्षानुवर्षं फुगलेली राहते. त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे, सुरुवातीच्या काळातल्या या पिशव्या कारखान्यातून बाहेर पडल्यानंतर आपोआप अधिक फुगत असत. या एका गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला घेतला आहे. बुटाचा आराम, त्याचं माप आणि त्याचं आकर्षण यांविषयीही सांगायचं आहे, पण आधी ही पिशवी.

बास्केटबॉलचा खेळ १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नेस्मिथ यांनी शोधून काढला. १९१७ साली ‘कन्व्हर्स’चा ‘ऑल स्टार’ आला. वर कॅनव्हास, खाली गंधकाबरोबर तापवून टिकाऊ केलेलं रबर आणि टाचेखाली उशी म्हणावी असं फारसं काही नाही. पुढची पन्नासेक वर्षं खेळाडू अशाच बुटांत खेळले. १९६९ च्या सुमारास ‘आदिदास’ने रबरी शिंपल्यासारख्या टोकाचा ‘सुपरस्टार’ काढला आणि कॅनव्हासच्या जागी चामडं आलं. मग ब्रूस किलगोर या डिझायनरने ‘एअर फोर्स १’ घडवला आणि बास्केटबॉलच्या बुटात पहिल्यांदा वायूची पिशवी बसली.

पिशवीची कल्पना मात्र किलगोर यांची नव्हती. ती फ्रँक रूडी या अभियंत्याची. रूडी विमान आणि अवकाशयानांच्या उद्योगात काम करून आलेले होते. धावण्याच्या ज्या बुटात त्यांची पिशवी प्रथम वापरली गेली, तो ‘टेलविंड’ १९७८ साली आला होता. पिशवी बनवणं अवघड नव्हतं. पॉलियुरेथेनच्या दोन पातळ पापुद्र्यांच्या कडा तापवून चिकटवल्या की झाली पिशवी. अवघड होतं ते आतला वायू आत ठेवणं.

प्लास्टिकचा किंवा रबराचा पापुद्रा डोळ्यांना सलग दिसतो, पण रेणूंच्या पातळीवर तो लांबलचक साखळ्यांचा गुंता असतो. खोलीच्या तापमानालाही या साखळ्या सतत वळवळत असतात. त्या वळवळीत क्षणभरासाठी एखादी फट उघडते आणि लगेच मिटते. तेवढ्यात शेजारचा वायूचा रेणू त्या फटीत उडी घेतो, मग पुढची फट उघडेपर्यंत थांबतो. अशा उड्या मारत तो पापुद्र्याच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला पोहोचतो. रबरी फुग्यांतून वेगवेगळे वायू वेगवेगळ्या वेगाने निसटतात, हे फिलाडेल्फियाच्या जॉन मिचेल यांनी १८३१ सालीच टिपलं होतं. थॉमस ग्रॅहॅम यांनी १८६६ साली त्याचा खुलासा केला: वायू आधी पापुद्र्यात विरघळतो, मग आतून सरकत जातो आणि पलीकडे बाहेर पडतो. म्हणजे पापुद्र्यातून किती वायू जाईल हे दोन गोष्टींवर ठरतं. तो त्यात किती विरघळतो आणि विरघळल्यावर किती वेगाने सरकतो.

सरकण्याचा वेग रेणूच्या आकारावर अवलंबून असतो आणि तोही फार तीव्रपणे. छोटी फट वारंवार उघडते, मोठी फट क्वचित उघडते. रेणूचा व्यास दीडपट झाला तर त्याचा वेग दीडपटीने कमी होत नाही, कित्येक पटींनी कोसळतो. रूडींनी नेमका याचा फायदा घेतला. त्यांनी पिशवीत साधी हवा भरलीच नाही. हेक्झाफ्लोरोइथेन, सल्फर हेक्झाफ्लोराइड असे मोठाड रेणूंचे वायू भरले. सल्फर हेक्झाफ्लोराइडच्या रेणूत मध्ये गंधकाचा एक अणू आणि भोवती फ्लोरिनचे सहा अणू असतात. ऑक्सिजन किंवा नायट्रोजनच्या रेणूपेक्षा तो साधारण दीडपट रुंद असतो आणि हा वायू हवेच्या पाचपट जड असतो. पॉलियुरेथेनच्या त्या छोट्या फटींतून त्याला बाहेर पडायला फार म्हणजे फारच वेळ लागतो.

इथवर गोष्ट सरळ आहे: मोठा रेणू अडकून राहतो. पण पिशवी अधिक फुगते कशी? त्यासाठी आंशिक दाब नीट समजून घ्यावा लागेल.

समजा, पिशवीत फक्त सल्फर हेक्झाफ्लोराइड आहे आणि त्याचा दाब दोन वातावरणांइतका आहे. बाहेर आपली नेहमीची हवा, एक वातावरण दाबाची. शाळेत शिकलेलं आठवून कोणीही म्हणेल की वायू जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जातो, म्हणजे पिशवीतून बाहेर. पिशवीला भोक असतं तर हे उत्तर बरोबर ठरलं असतं. भोकातून वायूचा लोंढा वाहतो आणि त्याला एकूण दाब ढकलतो. पापुद्र्यातून मात्र रेणू एकेकटे जातात, आणि एकेकट्या रेणूला एकूण दाबाशी देणंघेणं नसतं. नायट्रोजनच्या रेणूंपुरतं एवढंच खरं असतं की बाहेरच्या बाजूने पापुद्र्यावर आदळणारे त्यांचे जातभाई किती आणि आतल्या बाजूने किती. जॉन डाल्टन यांनी १८०१ साली मांडलेला आंशिक दाबाचा नियम तो हाच: मिश्रणातला प्रत्येक वायू जणू एकटाच असल्यासारखा आपापला दाब देतो.

आता हिशेब मांडू. नायट्रोजनचा बाहेरचा आंशिक दाब ०.७८ वातावरण, आतला शून्य. म्हणून नायट्रोजन आत शिरणार. ऑक्सिजनचा बाहेर ०.२१, आत शून्य. तोही आत शिरणार, आणि नायट्रोजनपेक्षा लवकर, कारण अशा पापुद्र्यांतून ऑक्सिजन अधिक चपळाईने जातो. सल्फर हेक्झाफ्लोराइडचा आत दोन, बाहेर शून्य. त्याला बाहेर जायचं आहे, पण त्याची वाट जवळपास बंद आहे. म्हणजे आत येणारे येत राहतात आणि बाहेर जाणारा जाऊ शकत नाही. नायट्रोजनचा आतला दाब ०.७८ झाला की त्याची भरती थांबते, ऑक्सिजनची ०.२१ वर थांबते. पिशवी ताणली जात नाही असं धरलं, तर एकूण दाब दोनवरून जवळजवळ तीन वातावरणांवर पोहोचलेला असतो. पंप कुठेही नाही. बूट खोक्यात पडल्या पडल्या त्याची टाच अधिक कडक होत जाते. त्यानंतर मोठे रेणू हळूहळू निसटू लागतात आणि दाब अनेक वर्षं संथपणे उतरत राहतो. १९८२ साली रूडींना मिळालेल्या एका पेटंटचा विषयच विसरणाने, म्हणजे पापुद्र्यातून रेणू असे सरकत गेल्याने, स्वतः फुगणारं साधन हा होता. हा प्रयोग फुग्यावरही दिसतो. रबरी फुग्यात सल्फर हेक्झाफ्लोराइड भरून ठेवला तर तो आक्रसण्याऐवजी मोठा होत जातो.

इथे एक शंका येऊ शकते. पिशवी स्वतःच फुगते, म्हणजे फुकटात ऊर्जा मिळाली का? नाही. दोन वेगळे ठेवलेले वायू एकमेकांत मिसळतात तेव्हा जी अव्यवस्था वाढते, तिच्या जोरावर हे काम होतं. तो वेगळा शुद्ध वायू तयार करण्यात आणि पिशवीत कोंबण्यात कारखान्याने आधीच ऊर्जा खर्च केलेली असते. सगळे वायू समतोलाला आले की खेळ संपतो, पुन्हा फुगायचं तर पुन्हा शुद्ध वायू भरावा लागतो. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे ‘एकदा सुरू करा, आयुष्यभर वीज मिळवा’ छापाचे व्हिडिओ बघताना हाच प्रश्न विचारायला हवा: समतोल कधी येतो आणि आला की काय होतं? त्या व्हिडिओंत याचं उत्तर कधीच नसतं. लोक त्यांच्या मागे लागून कष्टाचे पैसे घालवतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

या वायूचा आणखी एक गुण सांगितल्याशिवाय राहवत नाही. वायू झटकन दाबला की तापतो आणि तापल्यामुळे अधिक कडक होतो. हवेचं आकारमान उष्णता बाहेर जाऊ न देता निम्मं केलं तर दाब दुप्पट नव्हे, सुमारे २.६ पट होतो. सल्फर हेक्झाफ्लोराइडच्या रेणूत सात अणू असल्यामुळे तो अनेक प्रकारे थरथरू शकतो. दाबाने आलेली ऊर्जा त्या थरथरीत वाटली जाते, म्हणून तो कमी तापतो आणि दाब सुमारे २.१ पटच होतो. टाच जमिनीवर आपटते तो क्षण इतका छोटा असतो की उष्णतेला बाहेर जायला वेळच मिळत नाही. साहजिकच शुद्ध जड वायूची गादी हवेच्या गादीपेक्षा या धक्क्याला किंचित मऊ लागते. ज्यांनी अकरावी-बारावीला उष्मागतिकी शिकली आहे त्यांना यातला गॅमा ओळखू येईल: हवेसाठी १.४, या वायूसाठी जेमतेम १.०९.

एवढा गुणी वायू मग बंद का झाला? कारण तो वातावरणात सुटला की शतकानुशतकं टिकतो आणि वजनाला वजन धरलं तर शंभर वर्षांच्या काळात कार्बन डायऑक्साइडच्या २३ हजार पटींहून अधिक उष्णता अडवतो. बूट फाटतो, कचऱ्यात जातो, पिशवी फुटते आणि वायू वर जातो. कंपनीने २००६ पर्यंत तो वापरणं थांबवून नायट्रोजन भरायला सुरुवात केली. नायट्रोजनचा रेणू छोटा, म्हणजे पुन्हा तोच मूळ प्रश्न. या वेळी उत्तर वायूत न शोधता पापुद्र्यात शोधलं गेलं. पॉलियुरेथेनच्या थरांमध्ये एथिलीन व्हिनाइल अल्कोहोल नावाच्या प्लास्टिकचा थर दडवला. याच्या साखळ्या एकमेकींना हायड्रोजन बंधांनी घट्ट धरून असतात, त्यामुळे फटी फारशा उघडतच नाहीत. खाद्यपदार्थांच्या पाकिटांत ऑक्सिजन शिरू नये म्हणून हेच प्लास्टिक वापरतात. ओलावा लागला की त्याची पकड सैल होते, म्हणून ते नेहमी दोन थरांच्या मध्ये ठेवावं लागतं. आज दुकानात मिळणाऱ्या ‘एअर फोर्स १’मध्ये जी पिशवी आहे ती नायट्रोजनची.

आता ही पिशवी पायासाठी प्रत्यक्षात काय करते? जाहिराती पाहून वाटतं की ती खेळाडूला उंच उडवते. आकडेमोड वेगळं सांगते. ७० किलोचा माणूस अर्ध्या मीटरवरून खाली आला तर जमिनीला पोहोचताना त्याचा वेग सेकंदाला ३.१ मीटर असतो. हा वेग फक्त बुटाच्या तळात, म्हणजे एका सेंटिमीटरच्या दबण्यात थांबवायचा ठरवला तर सरासरी मंदन गुरुत्वाच्या ५० पट येतं. हाडं मोडतील. तोच माणूस गुडघे आणि कंबर वाकवून ४० सेंटिमीटरांत थांबला तर मंदन गुरुत्वाच्या सव्वापट. धक्का झेलण्याचं खरं काम स्नायू करतात. बुटाची गादी फक्त पहिल्या काही मिलिसेकंदांचा टोकदार धक्का बोथट करते. दिवसभर हजारो पावलं टाकताना तेवढ्यानेही फरक जाणवतो, म्हणून बूट आरामदायक वाटतो. बुटाच्या तळातला स्पंजासारखा फेस वर्षभरात दबून बसतो, वायू दबून बसत नाही, हा पिशवीचा खरा फायदा.

उंच कॉलरचा बूट घोटा मुरगळण्यापासून वाचवतो हा समजही असाच तपासायला हवा. १९९३ साली अमेरिकेत ६२२ कॉलेज खेळाडूंना उंच कॉलरचे, हवा भरता येणाऱ्या कॉलरचे आणि बुटक्या कॉलरचे बूट वाटून झालेल्या अभ्यासात घोट्याच्या दुखापतींत ठळक फरक आढळला नाही. ऑस्ट्रेलियातल्या २००१ च्या एका पाहणीत तर टाचेत हवेच्या पिशव्या असलेले बूट घालणाऱ्या खेळाडूंना घोट्याची दुखापत होण्याची शक्यता ४.३ पट दिसली. त्यात कारण पिशवीच असं सिद्ध होत नाही, कारण तो प्रयोग नव्हता, निरीक्षण होतं. पण बूट घातला की घोटा सुरक्षित, असं मानून व्यायाम टाळणाऱ्यांनी ते जरूर लक्षात ठेवावं. बुटात घालायच्या चुंबकीय तळव्यांचंही तेच. टाचदुखीच्या १०१ रुग्णांवर खऱ्या आणि खोट्या चुंबकांची तुलना करून २००३ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापले गेले. दोन्ही गटांना सारखाच आराम पडला होता. तरीही प्रदर्शनांत रक्ताभिसरण सुधारणारे चुंबकीय तळवे हजारभर रुपयांना विकले जातात आणि मधुमेहाचे रुग्ण ते विकत घेतात. पायाची संवेदना कमी झालेल्या माणसाला डॉक्टरकडे जायला उशीर व्हावा, याहून वाईट काय असेल?

पिशवीच्या तुलनेत आरामात मोठा वाटा मापाचा असतो आणि तिथे आपल्याकडे फार दुर्लक्ष होतं. आपण ब्रिटिश नंबर वापरतो. एका नंबरात लांबी ८.५ मिलिमीटरने वाढते, अर्ध्या नंबरात सव्वाचार मिलिमीटरने. रुंदीबद्दल तो आकडा काहीच सांगत नाही. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभरात सुमारे एक लाख लोकांची पावलं मोजली. भारतीय पाऊल पाश्चात्त्य पावलापेक्षा साधारणपणे रुंद असल्याची बातमी २०२४ साली आली, तेव्हा मला जराही आश्चर्य वाटलं नाही. परदेशी फर्म्यावर शिवलेला बूट चवड्याला आवळतो, म्हणून आपण एक नंबर मोठा घेतो. मग लांबी जास्त होते, टाच निसटते, आणि बूट जिथे वाकायला हवा तिथे न वाकता अंगठ्याच्या सांध्याच्या पुढे वाकतो. जुन्या धाटणीच्या या बास्केटबॉल बुटांचं एक बरं आहे, ‘एअर फोर्स १’चं टोक ऐसपैस असतं आणि अनेकांना तो नेहमीच्या नंबरापेक्षा अर्धा नंबर मोठाच वाटतो. ‘ऑल स्टार’सुद्धा लांबीला मोठा, पण रुंदीला अरुंद. म्हणून नंबर पाठ म्हणून सांगण्यापेक्षा संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, दोन्ही पायांत घालून चालून पाहावं. चवडा दबत असेल तर चामडं पुढे सैल होईल या भरवशावर राहू नये. या बुटांच्या चामड्यावर बहुधा प्लास्टिकचा लेप असतो आणि ते फार सैल होत नाही.

किलगोर यांनी तळावर कोरलेली एकात एक वर्तुळंही पाहण्यासारखी आहेत. चवड्याखाली ती अशी बसवली आहेत की सरळ घसरताना रेघांच्या कडा आडव्या येतात आणि पकड मिळते. त्याच जागी गिरकी घेताना मात्र रेघा हालचालीच्या दिशेनेच धावतात, त्यामुळे अडथळा कमी होतो. एकाच रबराने दोन दिशांना दोन वेगळी घर्षणं दिली. मला हे पिशवीइतकंच सुंदर वाटतं.

आकर्षणाचं काय? १९८४ च्या सुमारास कंपनीने ‘एअर फोर्स १’ बंदच केला होता. बाल्टिमोरमधल्या काही दुकानदारांनी आग्रह धरला म्हणून तो नव्या रंगांत पुन्हा निघाला आणि जुना बूट पुन्हा काढण्याची चाल तिथून रुजत गेली. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ साली दाखवलं होतं की एखादी गोष्ट वारंवार डोळ्यांसमोर आली, तर निव्वळ तेवढ्यानेही ती आवडू लागते. चाळीस वर्षं रस्त्यावर दिसणाऱ्या आकाराला याचा फायदा मिळणारच.

जुने, न वापरलेले जोड जपून ठेवणाऱ्यांसाठी शेवटी एक सूचना. न घातलेला बूट नवाच राहतो, हा समज चुकीचा आहे. पिशवीभोवतीचा फेस अनेक बुटांत पॉलिएस्टर जातीच्या पॉलियुरेथेनचा असतो. त्यातल्या एस्टर बंधावर हवेतला ओलावा हल्ला करतो आणि बंध तुटून आम्ल तयार होतं. हे आम्लच पुढचे बंध तोडायला मदत करतं, म्हणून ऱ्हास सुरुवातीला मंद आणि नंतर झपाट्याने होतो. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्याची दमट हवा याला फारच पोषक. दहाएक वर्षांनी खोकं उघडावं तर वरचं चामडं धड असतं, वायूची पिशवीही धड असू शकते, पण मधला फेस चुरा झालेला असतो. जुना जोड विकत घेण्याआधी मधल्या तळावर अंगठा जोरात दाबून पाहा. चिरा पडल्या किंवा पृष्ठभाग चिकट लागला तर तो पायात घालू नका. घरचा जोड कपाटात कोरड्या जागी सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि दर पावसाळ्याआधी पुड्या बदला. फेस एकदा चुरा झाला की तो डिंकाने चिकटत नाही, पूर्ण तळच बदलून घ्यावा लागतो.